एक झटका आणि एक कागद



आमच्या बेगमपुऱ्यातली एक मुलगी, वय एकोणीस, सकाळी नळावर एकाएकी कोसळली. अंग ताठ झाले, झटके येऊ लागले. कुणी कांदा आणला, कुणी चप्पल. आम्ही ते दूर सारले. मुलीला कुशीवर वळविले, तोंडात काही घातले नाही. दोन मिनिटांत झटके थांबले. पाच मिनिटे चालले असते तर तसेच दवाखान्यात पळविले असते.

पुढे डॉक्टरांनी ईईजी काढविला. कागदावर आले, 'ॲबनॉर्मल'. आई रडू लागली. "गुरुजी, हिला मिरगी लागली. आता लग्न कसं व्हायचं?"

आम्ही तिच्यासंगे डॉक्टरांकडे गेलो. तिथे समजले ते सांगतो.

आपल्या मेंदूत विजेच्या सूक्ष्म लहरी सदैव चालू असतात. डोक्याला तारा चिकटवून त्यांचा आलेख काढतात, तो ईईजी. अंगात वीज सोडीत नाहीत. दुखतही नाही. जर्मनीचे डॉक्टर हान्स बर्गर यांनी १९२४ साली माणसाचा असा आलेख प्रथम काढला.

'ॲबनॉर्मल' म्हणजे नेहमीपेक्षा वेगळे. ते वेगळेपण एकाच जातीचे नसते. लहरी नुसत्या मंद असतील, तर नुकताच येऊन गेलेला झटका किंवा एखादे औषधही त्याला कारण असू शकते. टोकदार लहरी उसळत असतील, तर झटका पुन्हा येण्याचा संभव वाढतो. मग डॉक्टर गोळ्यांचा विचार करतात. पण काही निरोगी माणसांतही अशा लहरी सापडतात. उलट, कागद 'नॉर्मल' आला म्हणून मिरगी नाहीच, असेही नाही.

तेव्हा एकट्या कागदावर निकाल लागत नाही. झटका कसा आला, हे पाहणाऱ्याने नीट सांगावे. मेंदूचा फोटो काढावा लागतो. आपल्या देशात मेंदूत जंताची गाठ झाल्यानेही झटके येतात.

पहिल्या झटक्यानंतर मोठ्या माणसांत, दोन वर्षांत १०० पैकी २१ ते ४५ जणांना पुन्हा झटका येतो. निम्म्याहून अधिकांना येत नाही.

डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: लहरी कोणत्या जातीच्या? कारण काय? गोळ्या लागतील का, आणि किती दिवस? गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. डॉक्टर सांगेपर्यंत गाडी चालवू नका. विहिरीवर आणि चुलीजवळ एकटे राहू नका.

लग्नाचे म्हणाल, तर हिंदू विवाह कायद्यात मिरगीची आडकाठी होती. ती १९९९ साली काढून टाकली.

आता आमची चूक सांगतो. आम्ही शाळेत असताना एका मुलाला वर्गात झटका आला. आम्ही त्याच्या बापाला म्हणालो, "बरा झाला की पाठवा." पोरगा पुन्हा शाळेत आला नाही. मिरगी लागट नाही, हे आम्ही कुणाला विचारलेही नाही.

बेगमपुऱ्याची मुलगी गोळ्या घेते, आणि कॉलेजात जाते. तिला आम्ही घरी बसू दिले नाही. तुमच्याही गल्लीत कुणाला बसू देऊ नका.