‘सोडून दे ते राजकारण!’

(मंडळाच्या वार्षिक सभेनंतर झालेल्या चर्चेत केलेल्या भाषणाचा हा मजकूर. वेळेअभावी तिथे राहून गेलेले एकदोन मुद्दे इथे घातले आहेत.)



‘राजकारणातल्या स्त्रियांवरची हिंसा’ या विषयावर बोलशील का, असं संयोजकांनी विचारलं तेव्हा मी आधी नाहीच म्हणणार होते. मी राजकारणात नाही. गेली वीसेक वर्षं लीड्समध्ये फार्मासिस्टची नोकरी करते, आपल्यातल्या बहुतेकांसारखीच मतदानापुरती राजकारणात असते. तरी हो म्हटलं, कारण या हिंसेत थोडा हात माझाही आहे. ते आधी सांगते, म्हणजे पुढचं बोलायला मोकळी होईन.

माझी एक मावसबहीण सांगली जिल्ह्यातल्या एका गावात राहते. आम्ही सगळे तिला आक्का म्हणतो. २०११ साली महाराष्ट्राने स्थानिक स्वराज्य संस्थांमधलं स्त्रियांचं आरक्षण ३३ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर नेलं. त्यानंतरच्या निवडणुकीत गावचं सरपंचपद महिलेसाठी राखीव झालं आणि आक्का सरपंच झाली. नऊ सदस्यांची ग्रामपंचायत. पहिले काही महिने सगळं गोड चाललं होतं, कारण सह्या आक्का करायची आणि कारभार उपसरपंच बघायचे. मग एका रस्त्याच्या कामाचं बिल तिच्यापुढे आलं. ती स्वतः जाऊन रस्ता बघून आली. खडी निम्मीच पडली होती. तिने सही केली नाही.

तिथून सुरू झालं. मासिक सभेला कोरम होईना. मागितलं तर दप्तर मिळेना. शेवटी अविश्वास ठराव आला. सहा सदस्य विरुद्ध, आक्कासह तिघं बाजूने. पण राखीव पदावरच्या महिला सरपंचाला काढायला तीन चतुर्थांश मतं लागतील अशी तरतूद महाराष्ट्राच्या ग्रामपंचायत कायद्यात होती. म्हणजे नवापैकी सात. ठराव पडला. कायद्याने आपलं काम चोख केलं.

मग मंडळींनी तिच्या घराची वाट धरली. तिच्या चारित्र्याबद्दल निनावी पत्रकं गावभर वाटली गेली. रात्री घराच्या पत्र्यावर दगड पडू लागले. दाजींच्या उसाला तोड मिळेना. भाचीला एसटीत मुलं काहीबाही बोलायला लागली. आक्का पोलिसांकडे गेली, तर तिची समजूत काढून परत पाठवलं.

तेव्हा तिने मला फोन केला. म्हणाली, “चार दिवस ये की इकडं. तू माझ्यासंगं पंचायतीत येऊन नुसती बसलीस तरी बास.”

मी काय म्हटलं? “अगं आक्का, तुला कुणी सांगितलंय हे सगळं? पोरीचं लग्न व्हायचंय अजून. सोडून दे ते राजकारण!”

मी एकटीच नव्हते. मावशी, मामा, पुण्याचा दादा, सगळ्यांनी मायेने हेच सांगितलं. आठ दिवसांनी तिने पंचायत समितीच्या सभापतींकडे राजीनामा दिला. पद राखीवच होतं, त्यामुळे त्या सहांच्या गटातल्या एक बाई सरपंच झाल्या. रस्त्याच्या बिलावर लगेच सही झाली. सहा सदस्यांना कायद्यामुळे जे जमलं नव्हतं, ते आम्ही घरच्यांनी फोनवरून करून दाखवलं.

आता कुणी म्हणेल, राजकारणात पुरुषांवरही हल्ले होतात, मग हा विषय वेगळा कशाला? प्रश्न योग्य आहे. पुरुषांचेही खून होतात, त्यांनाही धमक्या येतात. पण पुरुषाला सहसा त्याच्या भूमिकेबद्दल शिव्या बसतात. बाईला ती तिथे आहे याबद्दलच बसतात. तिच्यावर धरलेलं शस्त्र म्हणजे तिचं शरीर, तिची अब्रू आणि तिची मुलं. आणि हल्ल्याचा हेतू तिला हरवणं एवढाच नसतो, तर ती खुर्ची सोडून घरी जावी आणि तिच्याकडे बघून दुसऱ्या दहाजणींनी अर्जच भरू नये, हा असतो. म्हणून या हिंसेचा हिशेब नुसत्या जखमांवरून करता येत नाही. राजीनामे आणि न भरलेले अर्जही मोजावे लागतात.

जगभरच्या संसदांची जी आंतरसंसदीय संघटना आहे, तिने २०१६ साली ३९ देशांतल्या ५५ महिला खासदारांना त्यांचे अनुभव विचारले. ८० टक्क्यांहून अधिक जणींनी मानसिक छळ सोसला होता. ४४ टक्के जणींना खून, बलात्कार, मारहाण किंवा अपहरणाच्या धमक्या आल्या होत्या. खासदारांची ही स्थिती, तर गावच्या सदस्याचं काय होत असेल!

आणि भीती खोटी असते असंही नाही. तमिळनाडूत मदुराईच्या विल्लापुरम भागातून १९९६ साली लीलावती नावाची मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाची कार्यकर्ती नगरसेविका झाली. साधी विणकर बाई. वस्तीत महापालिकेचं पाणी नीट यावं म्हणून ती झगडली. ज्यांचा पाणी विकण्याचा धंदा होता त्यांना ते परवडणारं नव्हतं. एप्रिल १९९७ मध्ये भर दिवसा तिचा खून झाला.

बोलिव्हियात हुआना किस्पे या नगरसेविकेला पद सोडण्यासाठी सतत छळलं गेलं. ती बधली नाही आणि मार्च २०१२ मध्ये तिचा खून झाला. तिथल्या नगरसेविका अशा छळाविरुद्ध कायदा हवा म्हणून बरीच वर्षं लढत होत्या. तो कायदा त्याच वर्षी मे महिन्यात झाला. त्यात मला महत्त्वाची वाटते ती ही गोष्ट, की बाईवर दबाव आणून तिला राजीनामा द्यायला लावणं, हाच त्यात गुन्हा मानला आहे. आक्काच्या बाबतीत आम्ही त्याला ‘शहाणपण’ म्हणत होतो.

आपल्याकडेही न्यायालयांना हे दिसू लागलं आहे. जळगाव जिल्ह्यातल्या विचखेडा गावच्या महिला सरपंचांना, त्या सरकारी जागेवरच्या घरात राहतात अशी तक्रार करून, अपात्र ठरवलं गेलं होतं. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं. एक बाई निवडून आली आणि तिचे निर्णय आपल्याला मानावे लागणार, हे गावाला पचलं नाही, अशा अर्थाची टिप्पणी न्यायालयाने केली. पण दिल्लीपर्यंत जायला वकील लागतो, पैसे लागतात आणि मुख्य म्हणजे ‘लढ’ म्हणणारं घर लागतं.

आता आपण राहतो तिथलं. लीड्सहून बर्स्टल गाडीने फार लांब नाही. १६ जून २०१६ रोजी तिथल्या ग्रंथालयाबाहेर खासदार जो कॉक्स यांचा एका अतिउजव्या माणसाने खून केला. मतदारांना भेटायला त्या तिथे आल्या होत्या. वय ४१, दोन लहान मुलं. त्या संध्याकाळी मला आक्काची आठवण झाली आणि खरं सांगते, वाटलं की आपण तिला सोडायला लावलं तेच बरं केलं.

माझं मत बदललं ते २०२१ साली. त्याच मतदारसंघातल्या पोटनिवडणुकीला जो कॉक्स यांची धाकटी बहीण, किम लेडबीटर, उभी राहिली. प्रचारात तिलाही रस्त्यात गाठून त्रास दिला गेला. ती ३२३ मतांनी निवडून आली. त्यांच्या घरात तेव्हा काय बोलणं झालं असेल मला माहीत नाही. भीती तर माझ्यापेक्षा कितीतरी जास्त असणार. पण एका घरातली बहीण उभी राहिली, आणि दुसऱ्या घरातली बहीण फोनवर ‘सोडून दे’ म्हणाली. ती दुसरी मी.

मग करायचं काय? मला सुचलेल्या चार गोष्टी सांगते.

१. गावाकडून असा फोन आला तर पहिला प्रश्न ‘कशाला पडलीस यात’ हा नको. ‘तुझ्यासोबत कोण आहे? तुला काय हवंय?’ असं विचारा. राहायचं की सोडायचं ते तिचं तिला ठरवू द्या. सोडलं तरी त्यात कमीपणा नाही, पण निर्णय तिचा असावा.

२. आपल्याकडे पैसा आहे, कागदपत्रांची सवय आहे. वकिलाची फी, तालुक्याच्या खेपा, घराला कॅमेरा, लेखी तक्रार आणि तिची पोच, पत्रकं आणि मेसेज जपून ठेवणं, हे सगळं इथे बसूनही करता येतं.

३. महिला नेत्यांवरचे घाणेरडे विनोद आणि जोडतोड केलेले फोटो आपल्याच कुटुंबाच्या ग्रुपवर फिरतात. पक्ष कुठलाही असो, ते पुढे पाठवू नका, आणि पाठवणाऱ्या काकांना तसं सांगा. नावडत्या पक्षाच्या बाईसाठी हे केलं, तरच ते तत्त्व.

४. ब्रिटनमध्ये कायदेशीर राहणाऱ्या भारतीय नागरिकाला इथे मत देता येतं आणि कौन्सिलची निवडणूकही लढवता येते. आपल्यातली कुणी उभी राहिली तर तिच्याबरोबर दारोदार फिरा. तिला एकटीला पाठवू नका.

गेल्या वर्षी गावी गेले होते. आक्काने कपाटातून एक वही काढून दाखवली. कुठल्या तारखेला दगड पडले, कोण काय बोललं, पत्रक कुठे सापडलं, सगळं तिने लिहून ठेवलं होतं. इतकी वर्षं ती वही कुणी मागितली नव्हती. मी म्हटलं, “आक्का, माझं चुकलं.” ती म्हणाली, “तू आली असतीस तर मी टिकले असते का, ठाऊक न्हाई. पण मला काय पायजे, ते इचारलं तरी असतंस.”

तेवढं आपण विचारायला शिकूया.