आधी वही, मग बाजार

निवृत्तीनंतर मी महूला स्थायिक झालो. आमच्या पलटणीतल्या एका दिवंगत सुभेदारसाहेबांचा मुलगा इंदूरला इंजिनीअरिंग करतो. एकदा म्हणाला, "काका, आईच्या ठेवीतले दोन लाख ऑप्शन्समध्ये लावतो. फी सुटेल."

ती ठेव वडिलांच्या मागे उरलेली. मी रागावलो नाही. सेबीकडे नोंदणी असलेल्या एका सल्लागार बाईंकडे त्याला नेलं.

त्यांनी सेबीचा २०२४चा अभ्यास समोर ठेवला: तीन वर्षांत वायदे-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या दर १०० सामान्य व्यक्तींपैकी ९३ तोट्यात. मग म्हणाल्या, "तीन महिने रोजचा खर्च लिहून आण."

पोराने सरळ विचारलं, "मॅडम, यात तुम्हाला काय मिळतं?"

"फक्त माझी फी, तीही तुझ्याकडून. कंपनीचं कमिशन घेतलं, तर मी तुझी कशी राहीन?"

ठेव मोडली नाही. फीसाठी शैक्षणिक कर्ज काढलं. वही आजही चालू आहे.

आम्ही रेकी केल्याशिवाय हल्ला करत नसू. पैशांची रेकी म्हणजे ही वही. घरातल्या मुलांना टिप देऊ नका, वही द्या. आणि सल्ला देणाऱ्याला त्या पोराचा प्रश्न जरूर विचारा.

जय हिंद.