वर्गणीतून गेलेले पाच डॉक्टर

फॅसिझम वाढत होता तेव्हा लोकशाही राष्ट्रं झोपली होती, असं म्हणायची पद्धत आहे. मला ते पटत नाही. ती जागी होती आणि हिशेब करत होती.

१९३५च्या ऑक्टोबरात मुसोलिनीनं इथिओपियावर स्वारी केली. राष्ट्रसंघानं इटलीवर आर्थिक बहिष्कार टाकला, पण यादीतून तेल वगळलं. सुएझ कालवाही खुला राहिला; इटलीचं सैन्य त्यातूनच गेलं. जपान १९३७पासून चीनमधली शहरं बेचिराख करत होता, त्याला तेल आणि भंगार लोखंड अमेरिका विकत होती. तेल थांबलं ते १९४१ साली.

एक मात्र समजून घ्यावं. ब्रिटन-फ्रान्सच्या गावोगावची तरुण पोरं पहिल्या महायुद्धात गेली होती. पुन्हा लढाई नको, हे मतदाराचं म्हणणं खोटं नव्हतं. म्युनिकहून परतलेल्या चेंबरलेन यांचा लंडनमध्ये जयजयकार झाला, तोही मनापासून. पण ज्या चेकोस्लोव्हाकियाचा लचका तोडला, त्याच्या प्रतिनिधींना बोलणीत बसूही दिलं नव्हतं.

ही गोष्ट ३० सप्टेंबर १९३८ची. त्याच महिन्याच्या सुरुवातीला मुंबई बंदरातून पाच डॉक्टर चीनला निघाले. चिनी सेनानी चू तेह यांनी नेहरूंकडे मदत मागितली होती. काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषबाबूंनी आवाहन केलं, लोकांनी वर्गणी दिली. पाचांत नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि सोलापूरचे सत्तावीस वर्षांचे द्वारकानाथ कोटणीस. देश पारतंत्र्यात, आपलं वैजापूर तर निजामाच्या राज्यात. आपल्या हातात ना सैन्य, ना कालवा, ना तेल. वर्गणी तेवढी होती. गणपती असो की उरूस, ती जमवायची कशी हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही!

पाच डॉक्टरांनी जपान थांबणार नव्हता, हे उघड आहे. पण जखमींना टाके घालायला माणूस लागतो. चौघं परतले, कोटणीस राहिले. १९४१ साली ते बेथून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले. हे डॉ. नॉर्मन बेथून कॅनडाचे. स्पेनच्या युद्धात ब्रिटन-फ्रान्सनं तटस्थतेचं धोरण धरलं, तेव्हा हा माणूस तिथं जखमींना रक्त पोचवत होता. मग तोही चीनला गेला. लोकशाही देशांत अशीही माणसं होती.

९ डिसेंबर १९४२ रोजी कोटणीस चीनमध्येच वारले. वय बत्तीस. पत्नी क्वो छिंगलान चिनी, मुलगा काही महिन्यांचा. त्याचं नाव यिनहुआ. 'यिन' म्हणजे भारत, 'हुआ' म्हणजे चीन.