महाविद्यालयाची वाट आणि वाटाड्या



डमडम हे नाव उच्चारले की बहुतेकांना दोन गोष्टी आठवतात : एक विमानतळ आणि दुसरी बंदुकीची गोळी. अठराव्या शतकाच्या अखेरीस येथे कंपनी सरकारच्या तोफखान्याची छावणी वसली आणि पुढे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात येथील दारूगोळ्याच्या कारखान्यात तयार झालेल्या गोळीने या गावाचे नाव जगाच्या शब्दकोशात नेऊन बसविले. परंतु डमडमचा आजचा चेहरा घडविला तो छावणीने नव्हे, तर १९४७ च्या फाळणीने. पूर्व बंगालातून आलेली असंख्य कुटुंबे कलकत्त्याच्या उत्तरेकडील दलदलीच्या, पडीक जमिनींवर वस्ती करून राहिली. त्यांची शेतीवाडी, घरेदारे मागे राहिली होती. बरोबर आणता आली आणि सीमेवर कोणास काढून घेता आली नाही, अशी एकच मिळकत त्यांच्यापाशी होती, ती म्हणजे विद्या. १९५० साली डमडम मोतीझील महाविद्यालय आणि १९५६ साली सरोजिनी नायडू महिला महाविद्यालय स्थापन झाले, त्यामागे हीच प्रेरणा होती. म्हणून या भागात महाविद्यालयातील प्रवेश हा केवळ एका मुलाचा वा मुलीचा प्रश्न कधीच नव्हता. एक कुटुंब पुन्हा उभे राहते की नाही, हा प्रश्न त्यात गुंतलेला असे. आणि आजही अनेक घरांत तो तसाच गुंतलेला आहे.

या प्रश्नाचे स्वरूप समजून घेण्यासाठी शिक्षणाच्या रचनेकडे थोडे पाहावे लागते. कलकत्ता विद्यापीठाची स्थापना १८५७ साली झाली, तेव्हा शाळा आणि महाविद्यालय यांच्यामधील दार म्हणजे विद्यापीठाची प्रवेश-परीक्षा होती. हे दार स्त्रियांसाठी बंदच होते. १८७८ मध्ये विद्यापीठाने ते उघडले आणि १८८३ मध्ये कादंबिनी बसू आणि चंद्रमुखी बसू या दोघी पदवीधर झाल्या. पुढे १९१७ साली नेमलेल्या सॅडलर आयोगाने असे मत दिले की, शाळा आणि विद्यापीठ यांच्यामधील सीमारेषा इंटरमिजिएट परीक्षेनंतर आखली जावी. कोठारी आयोगाने १९६६ साली दहा अधिक दोन अधिक तीन हा आराखडा मांडला. पश्चिम बंगालने तो स्वीकारला. १९७५ साली उच्च माध्यमिक शिक्षण परिषद स्थापन झाली आणि नव्या पद्धतीची पहिली उच्च माध्यमिक परीक्षा १९७८ मध्ये घेण्यात आली.

येथे महाराष्ट्राशी तुलना केल्यास एक भेद ठळकपणे दिसतो. महाराष्ट्रात दहावीनंतर पुष्कळ विद्यार्थी शाळा सोडून कनिष्ठ महाविद्यालयात जातात. त्यामुळे प्रवेशाची पहिली धावपळ अकरावीच्या वेळीच होऊन जाते. बंगालमध्ये अकरावी आणि बारावी हे वर्ग मुख्यतः शाळांतच भरतात. विद्यार्थी अठराव्या वर्षापर्यंत ओळखीच्या इमारतीत, ओळखीच्या शिक्षकांच्या नजरेखाली असतो. ज्या दिवशी बारावीचा निकाल लागतो त्या दिवशी शाळेची जबाबदारी संपते, आणि महाविद्यालयाची अजून सुरू झालेली नसते. नेमक्या याच काही आठवड्यांत त्याला आयुष्यातील एक मोठा निर्णय घ्यावयाचा असतो. ज्याचे आईवडील स्वतः महाविद्यालयात गेलेले आहेत, त्याला घरात सल्ला मिळतो. ज्याचा बाप रिक्षा चालवितो आणि आई चार घरची कामे करते, त्याला हे आठवडे एकट्यानेच ओलांडावे लागतात.

डमडमच्या विद्यार्थ्यापुढे आणखी एक गोष्ट असते, ती म्हणजे त्याचे भौगोलिक स्थान. डमडम हे उत्तर चोवीस परगणा जिल्ह्यात मोडते. २००८ साली बारासात येथे पश्चिम बंगाल राज्य विद्यापीठ स्थापन झाले आणि या जिल्ह्यातील महाविद्यालये कलकत्ता विद्यापीठाकडून त्याच्याकडे आली. मेट्रो रेल्वेचा डमडम ते बेलगाछिया हा टप्पा नोव्हेंबर १९८४ मध्ये सुरू झाला. त्या एका स्थानकाच्या अंतरात आज विद्यापीठाची हद्द बदलते. घराजवळचे महाविद्यालय एका विद्यापीठाचे आणि मेट्रोने थोड्या वेळात गाठता येणारी जुनी, नामवंत महाविद्यालये दुसऱ्या विद्यापीठाची, अशी स्थिती आहे. उलट दिशेने, बनगाव आणि हाबरा येथून लोकल गाडीने येणाऱ्या मुलांना डमडम हेच शहराचे दार वाटते. त्यामुळे जागांसाठी चुरस दोन्ही बाजूंनी होते. अशा वेळी केवळ नावाच्या मोहाने दूरचे महाविद्यालय निवडावे, की रोजचा प्रवास, खर्च आणि शिकविण्याची गुणवत्ता यांचा हिशेब करावा, हे सांगणारा कोणी जवळ असावा लागतो.

पूर्वी अर्ज प्रत्येक महाविद्यालयात वेगळा भरावा लागे. पहाटेपासून रांगा लागत, प्रत्येक अर्जाचे शुल्क वेगळे असे, आणि फलकावर लागलेली यादी पाहण्यासाठी पुन्हा पुन्हा खेपा घालाव्या लागत. पाच ठिकाणी अर्ज करण्याची ऐपत ज्याच्यापाशी नव्हती त्याला पाच ठिकाणी संधीही नव्हती. जेथे माहिती दुर्मीळ असते तेथे मध्यस्थ उपजतो, हा बाजाराचा नियम येथेही लागू पडला. पुढे महाविद्यालयांनी संगणकावरून अर्ज घेण्यास आरंभ केला, तरी कागदपत्रे तपासण्यासाठी विद्यार्थ्याला स्वतः जावे लागतच होते, आणि मध्यस्थाची जागा तेथे शिल्लक राहिली. २०१८ च्या प्रवेशकाळात अनेक ठिकाणांहून तक्रारी आल्या की, गुणवत्ता यादीत नाव असलेल्या मुलांकडूनही पैसे मागितले जात आहेत. काही जणांना अटक झाली. आणि प्रवेशापूर्वी विद्यार्थ्याने महाविद्यालयात हजर राहण्याची आवश्यकता नाही, कागदपत्रांची तपासणी वर्ग सुरू झाल्यावर करावी, असा आदेश शासनास काढावा लागला.

याच दिशेचे पुढचे पाऊल म्हणजे २०२४ साली राज्याने सुरू केलेली केंद्रीय प्रवेशव्यवस्था. १६ विद्यापीठांच्या कक्षेतील ४६१ शासकीय व अनुदानित महाविद्यालये तिच्यात समाविष्ट झाली. विद्यार्थ्याने एकच अर्ज भरावयाचा, महाविद्यालय आणि विषय यांच्या जास्तीत जास्त २५ जोड्या पसंतीक्रमाने लिहावयाच्या. अर्जास शुल्क नाही. प्रेसिडेन्सी आणि जादवपूर ही विद्यापीठे, तसेच स्वायत्त व अल्पसंख्याक संस्था यांचे प्रवेश मात्र निराळ्या मार्गाने होतात. गरीब विद्यार्थ्याच्या दृष्टीने ही सुधारणा मोठी आहे, यात संशय नाही. रांग गेली, अर्जागणिक शुल्क गेले आणि दाराशी उभा असलेला मध्यस्थही बाजूस सरला.

परंतु यंत्र अर्ज स्वीकारते. अर्जात काय लिहावे हे ते सांगत नाही. येथे मार्गदर्शकाचे खरे काम सुरू होते, आणि त्याचे तीन भाग पाडता येतील.

पहिला भाग कागदपत्रांचा. बंगालमध्ये माध्यमिक परीक्षेचे प्रवेशपत्र हे जन्मतारखेचा पुरावा म्हणून सर्वत्र वापरले जाते. ते हरवले तर पुढची सारी साखळी तुटते. नावांचा घोटाळा तर घरोघरी आढळतो. एकाच कुटुंबात वडिलांच्या कागदावर मुखर्जी आणि मुलीच्या कागदावर मुखोपाध्याय असते. दोन्ही एकच आडनाव आहे हे माणसाला समजते, कार्यालयाला समजेलच असे नाही. जातीचे प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा दाखला मिळण्यास अवधी लागतो. म्हणून ही कामे निकालानंतर हाती घेणे म्हणजे पाऊस सुरू झाल्यावर घर शाकारण्यास निघणे होय. बारावीच्या वर्षाच्या आरंभीच प्रत्येक विद्यार्थ्याची कागदपत्रे शाळेने एकदा नजरेखालून घातली, तर अर्धी संकटे तेथेच टळतात.

दुसरा भाग पसंतीक्रमाचा. येथे विद्यार्थी आणि पालक अनेकदा अति चतुराई करतात. वरचे महाविद्यालय मिळणार नाही या भीतीने ते सहज मिळणारी जागा पहिल्या क्रमांकावर लिहितात. व्यवस्थेचा नियम मात्र सरळ आहे : गुणांच्या क्रमाने विद्यार्थ्याचा विचार होतो आणि त्याच्या यादीतील, त्याच्या गुणांना मिळू शकणारी सर्वांत वरची जागा त्याला दिली जाते. वर कठीण जागा लिहिल्याने खालची सोपी जागा हातची जात नाही. उलट सोपी जागा वर लिहिली, तर तीच मिळते आणि वरच्या जागेवरील हक्क आपोआप संपतो. तेव्हा खरी इच्छा ज्या क्रमाने आहे त्याच क्रमाने लिहावे, आणि यादीच्या शेवटी निश्चित मिळतील अशा काही जागा अवश्य ठेवाव्यात, एवढेच सूत्र पुरेसे आहे. मिळालेली जागा मुदतीत निश्चित न केल्यास ती जाते, हेही बजावून सांगावे लागते. कारण अनेक घरांत संदेश ज्या दूरध्वनीवर येतो तो दिवसभर वडिलांच्या खिशात कामावर गेलेला असतो.

तिसरा भाग विषयाचा, आणि तो सर्वांत अवघड. उदाहरणार्थ, अर्थशास्त्रात ऑनर्स घ्यावयाचे तर उच्च माध्यमिकला गणित असावे लागते. ज्याने अकरावीत गणित सोडले त्याला हे बारावीच्या निकालानंतर सांगण्यात काय अर्थ? २०२३ पासून राज्यात चार वर्षांच्या ऑनर्स पदवीचा अभ्यासक्रम सुरू झाला. आणखी एक वर्ष मुलाला शिकविणे झेपेल काय, तीन वर्षांची पदवी त्याच्या हेतूस पुरेशी आहे काय, असा नवा विचार त्यामुळे कुटुंबांना करावा लागतो. म्हणून विषयाचा सल्ला माध्यमिक परीक्षेनंतर, अकरावीच्या उंबरठ्यावरच द्यावयास हवा.

या साऱ्यात काळ हा स्वतंत्र घटक आहे. २०२४ मध्ये निकाल ८ मे रोजी लागला आणि अर्ज २४ जूनपासून घेण्यात आले. २०२५ मध्ये इतर मागासवर्गीयांच्या यादीसंबंधीच्या न्यायालयीन वादामुळे पहिली गुणवत्ता यादी लागण्यास ऑगस्टचा उत्तरार्ध उजाडला. वाद न्यायालयात आणि निर्णय शासनात होतात. वाट पाहण्याचा भार मात्र विद्यार्थ्यावर पडतो. ज्यांच्यापाशी पैसा आहे ते खाजगी संस्थेत किंवा परप्रांतात निघून जातात. ज्यांच्यापाशी नाही त्यांच्यापैकी काही जण या मधल्या महिन्यांत एखाद्या दुकानात कामास लागतात, आणि काहींना परत आणणे कठीण होते. मुलींच्या बाबतीत हा रिकामा काळ विवाहाच्या बोलण्यांनी भरून जातो. २०१३ साली सुरू झालेल्या कन्याश्री योजनेत, अठरा वर्षे पूर्ण झालेल्या, अविवाहित आणि शिक्षण चालू असलेल्या मुलीस २५,००० रुपये एकरकमी मिळतात. ‘शिक्षण चालू असलेल्या’ या अटीचे महत्त्व येथे लक्षात येते. २०२१ पासून विद्यार्थ्यांना १० लाख रुपयांपर्यंत अल्प व्याजाने कर्ज देणारी योजनाही आहे. परंतु योजना कागदावर असणे निराळे आणि ती मुलीच्या आईला समजेल अशा शब्दांत कोणी सांगणे निराळे.

मार्गदर्शनाची ही कल्पना परदेशातून काल आलेली नाही. कलकत्ता विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागात १९३८ सालीच व्यवसाय-मार्गदर्शनाच्या संशोधनास आरंभ झाला होता. मुंबईत पुढील दशकात त्या कार्यासाठी संस्था निघाल्या. मुदलियार आयोगाने १९५३ मध्ये शाळांतून मार्गदर्शनाची सोय असावी असे सांगितले, आणि १९५४ साली केंद्र शासनाने त्यासाठी मध्यवर्ती केंद्रही काढले. शिफारसी झाल्या, मात्र सामान्य शाळेच्या वेळापत्रकात या कामासाठी आजही क्वचितच तास राखलेला दिसतो.

अशा मदतीने काय घडू शकते याचे एक उदाहरण डमडमपासून फार दूरचे नाही. हुगळीच्या पश्चिम तीरावरील श्रीरामपूर येथे १८८३ च्या फेब्रुवारीत, तेथील महाविद्यालयाच्या सभागृहात, एका मराठी तरुणीने भाषण केले. वैद्यक शिकण्यासाठी आपण अमेरिकेस का जात आहोत, हे तिने लोकांना समजावून सांगितले. आनंदीबाई जोशी त्या वेळी अठरा वर्षांच्याही नव्हत्या. म्हणजे आजच्या बारावीच्या विद्यार्थिनीच्याच वयाच्या. एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून आगबोटीने निघाल्या. न्यू जर्सीतील कार्पेंटर बाईंनी त्यांना घरी ठेवून घेतले आणि पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयातील प्रवेशासाठी साहाय्य केले. औपचारिक शिक्षण तुटपुंजे असूनही त्यांना प्रवेश मिळाला आणि १८८६ साली त्या पदवीधर झाल्या. निर्धार आनंदीबाईंचा होता, विद्याही त्यांनीच मिळविली; परंतु अनोळखी दारापर्यंत सोबत करणारे माणूस त्यांना भेटले, ही गोष्टही तितकीच खरी आहे.

मार्गदर्शकाची मर्यादाही येथेच सांगितली पाहिजे. त्याने विद्यार्थ्याच्या वतीने निवड करावयाची नाही. परवलीचा शब्द स्वतःपाशी ठेवून अर्ज परस्पर भरून देणारा, मग तो गल्लीतील दुकानदार असो वा हितचिंतक शेजारी, मुलाला मदत करीत नाही. त्याला परावलंबी करतो. कमी गुण मिळालेल्या मुलास खोटी आशा दाखविणे जितके अयोग्य, तितकेच त्याच्या यादीतून वरची महाविद्यालये परस्पर खोडणेही अयोग्य. माहिती पूर्ण द्यावी, हिशेब मांडून दाखवावा, आणि लेखणी विद्यार्थ्याच्या हाती राहू द्यावी.

हे काम करण्यास मोठी यंत्रणा लागत नाही. प्रत्येक शाळेत एक जबाबदार शिक्षक, शाळेचा एक संगणक, गेल्या वर्षी प्रवेश घेतलेले दोन-तीन माजी विद्यार्थी आणि मे ते ऑगस्ट या काळात आठवड्यातून दोन सायंकाळी उघडी राहणारी एक खोली, इतके पुरे आहे. पाड्यातील वाचनालये आणि क्लब यांनाही यात भाग घेता येईल. निर्वासितांच्या पिढीने हाती काही नसताना या भागात महाविद्यालये उभी केली. त्या महाविद्यालयांच्या दारापर्यंत आपल्या शेजारच्या मुलामुलींना नीट पोहोचविणे, हे पुढच्या पिढीचे कर्तव्य ठरते.