दांडग्या माशांच्या घरातील हिरवळ

काचेच्या पेटीत मासे पाळण्याची हौस बहुधा गप्पीसारख्या चिमुकल्या माशांपासून सुरू होते. मागे हिरव्या वनस्पतींची दाटी आणि पुढे माशांचा थवा, हे चित्र तेथे सहज साधते. परंतु हौस वाढली की मन सिक्लिड कुळातील मोठ्या, तापट माशांकडे ओढ घेते आणि हे चित्र विस्कटू लागते. संध्याकाळी लावलेले रोप सकाळी पाण्यावर तरंगताना दिसते. पाने फाटलेली असतात, वाळूत खड्डा पडलेला असतो. मग हौशी माणूस माशाला बोल लावतो आणि प्लास्टिकची झाडे आणून मोकळा होतो. वास्तविक चूक माशाची नसते, निवडीची असते.

हे कूळ मोठे आहे. दीड हजारांहून अधिक जाती त्यात मोडतात. आफ्रिका आणि दक्षिण व मध्य अमेरिका ही त्यांची मुख्य वसतिस्थाने होत. भारतातही काही जाती मूळच्याच आहेत. गोव्याच्या खाड्यांतील कालुंदर हा त्यांपैकीच एक. केरळात त्याला करिमीन म्हणतात आणि 2010 साली तेथे त्याला राज्यमत्स्याचा मान मिळाला. हौशी लोकांच्या पेट्यांत मात्र अमेझॉनच्या खोऱ्यातील ऑस्कर अधिक आढळतो. तो वाढून फूटभर लांबीचा होतो. मध्य अमेरिकेतील एका जातीला तर तिच्या भांडखोरपणामुळे जॅक डेम्प्सी या मुष्टियोद्ध्याचेच नाव मिळाले आहे.

या दांडगाईमागे कारण आहे. बहुतेक माशांच्या मानाने सिक्लिड फार दक्ष पालक असतात. अंडी घालण्यापूर्वी यांतील अनेक जाती एखादा दगड तोंडाने घासून स्वच्छ करतात, वाळू उकरून खळगा करतात आणि भोवतालची जागा मोकळी करतात. पुढे अंड्यांवर व पिलांवर त्यांचा पहारा बसतो. त्या जागेत रोवलेले रोप ही त्यांच्या दृष्टीने अडगळच होय. आफ्रिकेतील मलावी सरोवरातील काही सिक्लिडांची गोष्ट निराळी. खडकांवरचे शेवाळ खरवडून खाणे हाच त्यांचा आहार असल्याने कोवळे पान त्यांना मेजवानीच वाटते.

तेव्हा निवडीच्या कसोट्या दोन ठरतात. रोपाला वाळूची गरज नसावी आणि पान चिवट असावे. पश्चिम व मध्य आफ्रिकेतील अनुबियास आणि आग्नेय आशियातील जावा नेचा या दोन वनस्पती दोन्ही कसोट्यांना उतरतात. दोहोंचे खोड आडवे वाढते आणि मुळ्या दगडाला किंवा लाकडाला धरून राहतात. खोड वाळूत पुरले तर ते कुजते; म्हणून ते सुती दोऱ्याने लाकडाला बांधावे. दोरा विरेपर्यंत मुळ्यांची पकड बसते. दोन्ही वनस्पतींना मंद प्रकाश पुरतो. प्रखर दिवा ठेवल्यास त्यांच्या संथ वाढणाऱ्या पानांवर शेवाळ साचते. शक्य असल्यास मासे सोडण्यापूर्वी काही आठवडे ही मांडणी करावी.

आपल्याकडील तळ्यांत वाढणारी, फितीसारख्या पानांची व्हॅलिस्नेरिया लावायचीच असेल, तर ती मातीच्या कुंडीत लावून तोंडाशी माशाला न हलणारे गोटे रचावेत. मोठे दगड वाळूवर ठेवू नयेत, तळावर टेकवून मग भोवती वाळू घालावी. एरवी मासा खालची वाळू उकरतो, दगड कलंडतो आणि काच फुटण्याची वेळ येते.

याहूनही सोपा उपाय घरोघरी असलेल्या मनीप्लांटचा. त्याच्या मुळ्या पाण्यात आणि पाने पेटीबाहेर ठेवली, तर पाने माशाच्या तोंडी लागत नाहीत. मोठ्या माशांच्या विष्ठेमुळे पाण्यात साठणारे नायट्रेट त्या मुळ्या शोषून घेतात. मुळ्या कुरतडल्या जात असतील, तर त्यांभोवती जाळी लावावी. अर्थात त्यामुळे पाणी बदलण्याचे काम टळत नाही.

इतके करूनही एखादे पान फाटेल, एखादे रोप उपटले जाईल. त्या वेळी कंटाळून मासा जवळच्या नदीत किंवा तळ्यात सोडून देण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळला पाहिजे. अमेरिकेतील फ्लोरिडात परका ऑस्कर असाच नैसर्गिक पाण्यात जाऊन तेथे कायमचा वसला आहे. वनस्पतींच्या बाबतीतही तोच धोका आहे. दक्षिण अमेरिकेतून शोभेसाठी आणलेल्या जलपर्णीने आपल्या नद्यांची काय अवस्था केली, हे महाराष्ट्रात कोणाला सांगावयास नको. पेटीत आणलेल्या जिवाची जबाबदारी पेटीपुरती पार पाडणे, हे या छंदाचे पहिले पथ्य होय. ते पाळून माशाचा स्वभाव ओळखणाऱ्याला दांडग्या माशांच्या घरातही हिरवळ राखता येते.