कोयत्याचा हिशेब



बीड जिल्ह्याच्या मागासलेपणाची मीमांसा करताना माझ्या आधीच्या वक्त्यांनी अपुरा पाऊस, बरड जमीन आणि लोकांचे अज्ञान अशी तीन कारणे सांगितली व सभेने टाळ्या वाजवून त्यांस मान्यता दिली. त्या मान्यतेस माझी हरकत आहे, आणि ती मी याच व्यासपीठावरून नोंदविणार आहे. आमच्या बालाघाटाच्या डोंगररांगेवर पाऊस कमी पडतो हे खरे. परंतु ज्या उसाच्या तोडणीसाठी आमची माणसे सांगली-कोल्हापूरपासून थेट कर्नाटकापर्यंत जातात, तो ऊस काही निव्वळ आभाळाच्या कृपेवर पिकत नाही. रयतेच्या पैशाने बांधलेल्या धरणांचे, कालव्यांचे व उपसा योजनांचे पाणी त्यास मिळते. निसर्गाने केलेला भेद राज्यव्यवस्थेने भरून काढावयाचा असतो. आमच्या बाबतीत तो तिने दुणावला. राहिले अज्ञान. ते मागासलेपणाचे कारण नसून विषमतेने पद्धतशीरपणे पिकविलेले फळ आहे, असे माझे म्हणणे आहे.

ते कसे, हे कळण्यासाठी ऊसतोडीच्या मुकादमाची वही उघडून पाहा. तीत नवरा आणि बायको मिळून एक ‘कोयता’ लिहिलेला असतो. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. हंगामापूर्वी, घरातले धान्य संपत आलेले असताना, या कोयत्यावर उचल दिली जाते, ती नवऱ्याच्या हाती पडते, आणि टनामागे ठरलेल्या दराने फडात राबून ती फेडावयाची असते. फिटली नाही तर बाकी अंगावर राहते व पुढल्या हंगामाचा करार मजुराच्या संमतीवाचूनच झाल्यासारखा होतो. आता या हिशेबाची पुढली पायरी पाहा. मुलगा हाताशी आला की त्याच्या नावे पूर्ण उचल मिळावी म्हणून दसऱ्याच्या आत त्याचे लग्न उरकले जाते, आणि नवरी कोणत्या इयत्तेत शिकत होती हे कुणी विचारीत नाही. मुलीच्या लग्नाचे वय अठरा असा कायदा आहे. पण मुकादमाच्या वहीपुढे तो हतबल ठरतो. त्या मुलाच्या बापास अडाणी म्हणून मोकळे होणाऱ्यांनी एवढेच सांगावे की, अर्ध्या कोयत्याच्या उचलीवर वर्ष कसे काढावे?

जूनमध्ये शाळेत नाव घातलेले मूल दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर फडावर जाते आणि पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचे गाळप संपून परीक्षेचा काळ येऊन ठेपल्यावर किंवा उलटून गेल्यावर, परत येते. मधल्या महिन्यांत दहा वर्षांची पोर कोपीत धाकट्या भावंडाला सांभाळते, पाणी भरते, सायंकाळी वाढ्याच्या पेंढ्या बांधते. तिचे नाव पटावर असते आणि ती फडात असते. ज्या करवीर संस्थानात शाहू छत्रपतींनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, त्याच भूमीतील उसाच्या फडांत आज, शिक्षणहक्काचा कायदा २००९ साली होऊनही, आमची पोरे अक्षरांवाचून हिंडत आहेत. आणि रयतेच्या घामाचा वसूल वरिष्ठ वर्गाच्या विद्येवर खर्च होतो, ही जी तक्रार जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे मांडली होती, ती अद्याप निकालात निघालेली नाही.

या मुलांच्या आयांविषयी बोलताना माझा संयम सुटतो. पहाटे तीनला उठून भाकऱ्या थापणारी, दिवसभर तोड करून डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढणारी ही बाई एक दिवस आजारी पडली की तिच्या नावे खाडा मांडला जातो व त्याचा दंड भरावा लागतो. पाळी म्हणजे खाडा, बाळंतपण म्हणजे खाडा. म्हणून ऐन तारुण्यात गर्भपिशवी काढून टाकणाऱ्या बायांची संख्या याच जिल्ह्यात एवढी वाढली की २०१९ साली राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. मजुरीच्या पद्धतीपायी जेथे स्त्रीला स्वतःचे गर्भाशय अडचणीचे वाटू लागते, तेथे विकासाची भाषा करणाऱ्यांनी आधी मान खाली घालावी.

आधी संपत्ती निर्माण होऊ द्या, वाटणीचे मागाहून पाहू, असा युक्तिवाद आमचे सुशिक्षित मित्र करतात. संपत्ती निर्माण झालेली आहे. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला, तेव्हा लहान शेतकरी त्याचा मालक झाला, आणि त्या कर्तृत्वापुढे मी नतमस्तक आहे. पुढे अशाच कारखान्यांच्या छायेत अभियांत्रिकीची व वैद्यकाची महाविद्यालये निघाली, सभासदांची मुले डॉक्टर-इंजिनिअर झाली. पण ऊस तोडणारा कधी सभासद झाला नाही, आणि त्याच साखरेतून त्याच्या मुलीला वर्षभर चालणारी एक शाळा मिळाली नाही. शिवाय या अन्यायाने उद्योगाचेही नुकसानच केले. माणूस इतका स्वस्त मिळत गेला की गाळपाची यंत्रे बदलली तरी त्याच्या हातातील हत्यार सुधारण्याची निकड दीर्घकाळ कुणास भासली नाही. आणि आता मजूर मिळेनासे होताच तोडणीयंत्रांसाठी धावाधाव सुरू आहे, जिच्यात त्या मजुराचे पुढे काय होणार हा प्रश्न कुणाच्याही विषयपत्रिकेवर नाही.

साहित्यिक बंधूंनो, आपण या लोकांच्या दुःखावर पुष्कळ लिहिले आणि त्या लेखनाला पारितोषिकेही मिळाली. या संमेलनाने आज एवढे तरी करावे: नवराबायकोस एक कोयता मानण्याची रीत बंद व्हावी, बाईच्या तोडीचा हिशेब तिच्या नावाने लिहून मजुरी तिच्याच खात्यात जमा व्हावी, खाड्याचा दंड कायद्याने गुन्हा ठरावा, आणि मजुरांच्या मुलांसाठीची हंगामी वसतिगृहे दसऱ्यापूर्वी उघडावीत, असा ठराव पहिल्या क्रमांकाने संमत करून तो पुण्याच्या साखर आयुक्तांकडे पाठवावा. अभिनंदनाचे ठराव त्यानंतर घ्यावेत. ज्यांचा या ठरावास विरोध असेल, त्यांनी तो येथेच, माझ्यासमोर उभे राहून सांगावा.