आधी आपला पाठ आपणच पाहावा



चिंतनशील अध्ययनाशी छत्रपती संभाजीनगर या शहराचे जुने नाते आहे. घेतलेल्या अनुभवाचा चिकित्सक विचार हा शिक्षणाचा गाभा मानणारे जॉन ड्यूई यांचे ‘हाऊ वुई थिंक’ १९१० साली प्रसिद्ध झाले. कोलंबिया विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकर ड्यूईंचे विद्यार्थी होते आणि १९५० साली बाबासाहेबांनी याच शहरात महाविद्यालय सुरू केले. नागसेनवनातले आजचे मिलिंद महाविद्यालय ते हेच.

अध्यापक महाविद्यालयांच्या या परिषदेचा विषय मात्र कॅमेऱ्याचा आहे. १९६३ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट ॲलन आणि सहकाऱ्यांनी सूक्ष्म अध्यापनाची पद्धत घडवली. मोजकेच विद्यार्थी, एकच कौशल्य, काही मिनिटांचा पाठ. तो चित्रित करायचा, शिकवणाऱ्याने स्वतः पाहायचा आणि सुधारून पुन्हा घ्यायचा. भारतात ही पद्धत बीएडच्या अभ्यासक्रमात रुजली, पण कॅमेरा बहुतेक ठिकाणी पोहोचलाच नाही. त्याची जागा मार्गदर्शकांच्या आणि सहाध्यायांच्या निरीक्षणाने घेतली.

एनसीईआरटीच्या प्रतिमानात सूक्ष्म अध्यापनाचे चक्र ३६ मिनिटांचे आहे: अध्यापन ६, प्रत्याभरण ६, पुनर्नियोजन १२, पुनरध्यापन ६, पुन्हा प्रत्याभरण ६. सर्वांत मोठा वाटा विचार करण्याला दिलेला आहे. पाठांची संख्या पूर्ण करण्याच्या घाईत पहिला बळी त्याच १२ मिनिटांचा जातो, हे इथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

पण विचार करायचा तो कशाचा? शिक्षणसंशोधक मेरी बड रो यांनी वर्गांच्या ध्वनिफिती तपासल्या तेव्हा आढळले, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. शिकवताना हे कुणाच्या लक्षात येत नाही. निरीक्षण तक्त्यातल्या गुणांवरूनही ते उमगत नाही. चित्रफितीत आपलाच प्रश्न आणि त्यामागून घाईने आलेले आपलेच उत्तर ऐकले, की सांगायला दुसरे कुणी लागत नाही. म्हणूनच चित्रफीत आधी छात्राध्यापकाने एकट्याने पाहावी, मार्गदर्शकांनी नंतर. ती गुणदानासाठी वापरली, तर कॅमेऱ्यापुढे मुले पाठ केलेलेच बोलतील. छात्राध्यापकाच्या संमतीशिवाय ती व्हॉट्सॲपवर जाता कामा नये.

आता फोन प्रत्येकाच्या हातात आहे. येत्या सत्रात प्रत्येक महाविद्यालयाने निदान प्रश्न विचारण्याच्या कौशल्याचे पाठ चित्रित करावेत आणि पुनर्नियोजनाची १२ मिनिटे वेळापत्रकात राखून ठेवावीत, ही स्वागत समितीची कळकळीची विनंती आहे.